शुक्रवारच्या पाळीचं पाणी

बारामती,
रविवार, १३ मार्च १९५५

प्रिय सोपान,

तुला अनेक आशीर्वाद. सासुरवाडीला गेल्यापासून तुझा घसा बसलाय आणि इंदापूरच्या वैद्यानं तुला बोलायची बंदी केलीय, असं तुझ्या साबणाच्या कारखान्यातला कारकून सांगत होता. ऐकून मला हसू आलं. शाळेत पाढे म्हणायची वेळ आली की तुझा घसा असाच बसायचा. पण या वेळी समोर मास्तर नाहीत रे, तात्याबा आहे. गटार साफ करणाऱ्या झुंबरचे पाय त्याच्या चुन्याच्या पाण्यानंच भाजले, असं नगरपालिकेनं जवळजवळ ठरवून टाकलंय. बुधवारी चौकशी समिती बसायची, नदीकाठचे त्याचे कातडी कमावायचे हौद बुजवायचे आणि त्याला बिऱ्हाडासकट हद्दीबाहेर काढायचं, एवढंच राहिलंय. त्या समितीत तू आहेस. घसा उघडला की येशील आणि सही करशील. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी आजवर नुसतं म्हणत होते. आता घरच्याच माणसाच्या हातून ती पाहायची वेळ आलीय.

दिवाळीनंतर गटाराचे नियम मंजूर झाले, तेव्हा तू किती खुशीत होतास ते आठवतं ना? गुरुवारच्या बाजारात दवंडी पिटली, तेव्हा दवंडीवाल्याच्या मागं तू स्वतः फिरलास. गटारात मेलेलं जनावर टाकायचं नाही, राख टाकायची नाही, रंगाचं, चुन्याचं, तेलाचं पाणी सोडायचं नाही, कढत पाणी सोडायचं नाही, अंगाला लागल्यावर आग होईल असं काहीही सोडायचं नाही. दवंडीवाला एखादं कलम विसरला की तू मागून ओरडून सांगायचास. त्या दुपारी माझ्याकडं पिठलं-भाकरी खाताना म्हणालास, "आक्के, आता बग, गाव कसं आरशावानी करतो." तुझे दाजी सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत, पण त्या दिवशी तेही म्हणाले, मेंबर झाला तर असा. मला तर आपल्या आईची आठवण आली. ती असती तर तिनं तुझी दृष्ट काढली असती. मी नाही काढली, तिथंच चुकलं बहुतेक.

नियम करताना तुला हे काही नवं नव्हतं, की गावाचं सगळं सांडपाणी शेवटी आमच्या रानात येतं. लिलावात ते आम्ही मळेवाले घेतो, वारांनी वाटून घेतो, आणि शुक्रवारची पाळी आमच्या घरची. माझी मेथी, कोथिंबीर, वांगी त्याच्यावरच पिकतात. साबणाची कढई उतरली की तळाला जे काळपट तिखट पाणी उरतं, ते तू पहिल्यांदा गटारात सोडलंस, तेव्हा माझा मेथीचा एक वाफा एका सकाळीत पिवळा पडला. मी तरातरा कारखान्यात आले आणि कामगारांसमोर तुला बोल बोल बोलले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असंसुद्धा म्हणाले. तू ओशाळलास, पण लगेच तुझं डोकं चाललंच. म्हणालास, "आक्के, मागल्या अंगाला खड्डा खणणार हाय मी, पावसाच्या आदी खणतोच. तवर मी फकस्त शुक्रवारीच सोडत जाईन. पाळी तुजी, तर पानी बी तुजंच. घरातलं घरात." आणि खरं सांगू, मला ते पटलं. कालव्याच्या पाण्यावर वाढलेली माणसं आपण. ज्याची पाळी, त्याचं पाणी, हे आपण आईच्या दुधाबरोबर प्यालो. आपल्या पाळीच्या पाण्याचं आपण काहीही करू, त्यात तिसऱ्याचा काय संबंध, असंच आपल्याला वाटतं. मग तू शुक्रवारी सकाळी भाजीच्या गाडीवानाबरोबर निरोप धाडायचास, आज कढई उतरतीय. मी वाफ्यांची दारं धरताना ते पाणी खालच्या चोपण पट्टीत वळवायची. तिथं तसंही गवत उगवत नाही. आपण दोघं बहीण-भाऊ किती हुशार, नाही का? दवंडी सगळ्या गावाला होती आणि शुक्रवार तेवढा आपला होता.

आता झुंबर भाजला त्या शुक्रवारचं सांगते. तू तुझ्या बाजूचं पाहिलंस, माझ्या बाजूचं तुला ठाऊक नाही. सकाळी निरोप आला तशी मी बांधावर जाऊन बसले. पण गटाराला पाणीच नव्हतं, नुसती ओल. आदल्या दिवशीचा बाजार, केळीची पानं आणि पाला गटारावरच्या फरशांखाली अडकलेला. तुझे दाजी तापले. निरोपाचं त्यांना मी काही बोलले नव्हते, आणि ते तसेच सायकल काढून नगरपालिकेत गेले. तिथं आवाज चढवून म्हणाले, "पाळी आमची आन् गटार कोरडं? मानूस घाला आत आन् मोकळं करा." त्यांनी माणूस घातला. तो झुंबर. कापडबाजाराच्या फरशांखाली वाकून शिरावं लागतं, उलटं फिरता येत नाही, हे तुला मी सांगायला नको. ते गटार झाकायचा ठराव तुझाच. आमच्या तक्रारीवरून तो आत गेला आणि आमच्याच पाळीच्या भरवशावर तू कढईचं तोंड उघडलंस. मी खाली वाट पाहत होते. आधी पाणी आलं, मग फेस आला, आणि फेसातून झुंबरची गाळ भरायची काठ फुटलेली पाटी वाहत आली. मी ती हातात घेऊन उभी राहिले. काय झालं ते मला तेव्हाच कळलं, सोपान. वरून आरडाओरडा ऐकू आला तो नंतर.

मी धावत आले, तेव्हा तू त्याला उचलून मोटारीत घालत होतास. तुझं धोतर त्याच्या पायांना चिकटलं होतं. जात-पात, विटाळ, चारचौघं काय म्हणतील, काही काही तू पाहिलं नाहीस. गावात अजून त्याचं कौतुक चाललंय. मीही ते विसरणार नाही. तू माझ्याकडं एकदाच पाहिलंस आणि नजर काढून घेतलीस, तेही मी विसरणार नाही. मला वाटलं होतं, दवाखान्यातून परत आलास की तू सरळ नगरपालिकेत जाशील. तू दुसऱ्या दिवशी इंदापूरची गाडी धरलीस.

झुंबरला मी भेटून आले. खाटेवर पाय उघडे ठेवलेत, माशा बसू नयेत म्हणून वर मच्छरदाणीचा तुकडा बांधलाय. गुडघ्याखाली कातडं असं उरलेलंच नाही. डॉक्टर म्हणतात, पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, एका पायाची खात्री देता येत नाही. मी त्याच्यासाठी शिरा नेला होता. त्यानं तो बाजूला ठेवला आणि हळूच म्हणाला, "बाई, चुना न्हवता त्यो. चुन्याचा वास मला कळतोय. साबनाचा वास व्हता, आन् शुक्रवार व्हता." मी विचारलं, मग इन्स्पेक्टरला का नाही सांगितलंस? तर म्हणतो कसा, "मेंबराचं नाव म्या घ्यायाचं? सारजीला बदलीवर घेतलंया माज्या जागी. तेवढं ऱ्हाऊ द्या, बाई." त्याच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. मी कुणाची बहीण आहे हे ठाऊक असून तो माझ्याकडं बायकोच्या पोटाची भीक मागत होता. मी तिथून कशी बाहेर पडले ते मला सांगता येत नाही.

आणि त्याची सारजा, ती परवाच्या शुक्रवारी त्याच फरशांशी उभी होती. आमचीच पाळी होती ती. भाजी देऊन परत येताना मी पाहिलं. पदर खोचलेला, हातात खराटा. पण पाय आत टाकायच्या आधी ती वाकून वरच्या अंगाला, तुझ्या कारखान्याच्या बोळाकडं, बघत होती. बघायची, पाण्यात बोट बुडवायची, मग एक पाऊल. पुन्हा बघायची. तिला नवऱ्यानं सांगितलंय हे उघड आहे, आणि तिनंही तोंडाला कुलूप घातलंय. तशीच मी तुझ्या कारखान्यात गेले आणि कारकुनाला बजावलं, की सोपान येईपर्यंत कढई पेटवायची नाही, मागं खड्डा खणायला घ्या. मालकाचा हुकूम पाहिजे म्हणाला. म्हटलं, मालकाचा कान धरणारीचा हुकूम आहे. खणतायत.

तात्याबाचं सांगायचं राहिलंच. की मीच पुढं ढकलत होते कोण जाणे. तो काल आमच्या बांधावर आला. आपल्या बाबांची मोट तो शिवून द्यायचा, आणि उरलेल्या कातड्याची तुला भिंगरीची दोरी करून द्यायचा, तो हाच. आता पार वाकलाय. लांबच उभा राहून म्हणाला, "ताई, त्या दिशी म्या हौदाला हातच लावला न्हाय. कुनी आयकंना झालंय." मी बांधावरचं तण उपटत राहिले. मग म्हणाला, "पर सोपानराव कमिटीत हायती, त्यो एक जीवाला आधार हाय. त्यास्नी मी ल्हानपनापासनं ठावं हाय. त्ये माज्यावर आळ येऊ देनार न्हाईत. तुमी फकस्त त्यास्नी निरोप धाडा." ऐकलंस? साऱ्या बारामतीत त्याला भरवसा वाटतो तो तुझा. मी मान हलवली आणि वांग्याच्या वाफ्यात जाऊन पोटभर रडले. मला तुझा इतका राग आला सोपान, की समोर असतास तर या वयातही तुला बडवलं असतं. आणि रडत होते तीही तुझ्याचसाठी. त्या म्हाताऱ्यासाठी रडायचा मला हक्क तरी कुठं होता?

तुझे दाजी म्हणतात, गप बस. त्यांना आता सगळं ठाऊक आहे, मीच सांगितलं. ऐकून म्हणाले, "भाऊ हाय तुजा. आन् आपलंबी अंग हाय त्यात. गटाराचं पानी तुटलं तर रान काय पिऊन जगंल?" त्यांचंही खोटं नाही. पाणी गेलं तर आमचा मळा उन्हाळ्यात करपेल. तुझी मेंबरकी जाईल, कारखान्याला कुलूप लागेल, कोर्ट बघावं लागेल. तुझी बायको तिकडं माहेरी पोटुशी आहे. मी हे सगळं पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. कोंबडं झाकून ठेवलं तर तांबडं फुटायचं थांबेल का, असं स्वतःलाच विचारलं. खरं म्हणजे या वेळी थांबेलही. झुंबर बोलणार नाही, सारजा बोलणार नाही, तात्याबाचं कुणी ऐकणार नाही. सगळं अगदी सुरळीत झाकलं जाईल, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

हे पत्र पोस्टानं वेळेत पोचणार नाही, म्हणून एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतेय. घाईचं कारण एवढंच, की बुधवारच्या चौकशीला समितीनं मलाही बोलावलंय. त्या दिवशी दारं कोण धरत होतं असं इन्स्पेक्टरनं विचारलं, तेव्हा तुझ्या दाजींनी माझं नाव सांगितलं. बहीण भावाविरुद्ध बोलायची नाही, असा त्यांचा हिशेब असावा. मला विचारतील, बाई, त्या दिवशी पाण्यात काय आलं? तेव्हा तू समोर खुर्चीवर असशील. मी सांगणार आहे, सोपान. निरोप मला आला होता, पाणी मी वळवलं होतं, आजवर गप्प मी बसले होते, हे आधी माझं सांगेन, आणि मग तुझं. हे तुला चारचौघांत अचानक ऐकावं लागू नये, तुला एक रात्र तरी मिळावी, म्हणून लिहितेय. मंगळवारच्या संध्याकाळच्या गाडीनं ये आणि सरळ माझ्याकडं जेवायला ये. मी तुला एका शब्दानं बोलणार नाही. बुधवारी खुर्चीवरून उठून तूच आधी बोललास, तर मी तुझ्या शेजारी येऊन उभी राहीन आणि होईल ती शिक्षा दोघं मिळून घेऊ. नाही बोललास, तर तुझं नाव माझ्या तोंडून निघेल. ते घेताना मला रडू फुटेल हे मला आत्ताच कळतंय, पण नाव मी पुरं घेईन.

तुला कडेवर खेळवलेली, तुझीच
प्रयागआक्का