आम्ही खोडून मी

३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत फेलोशिपच्या अर्जाचा कच्चा खर्डा पाठवते आहे. तू छापखान्यात दिवसभर लोकांच्या चुका काढतेस, थोड्या बहिणीच्याही काढ. तुरुंगातून सुटणाऱ्या बायकांना दारात गाठायचं, नवे कपडे द्यायचे आणि पाय टेकायला आमची खोली दाखवायची, एवढंच आमचं काम. फेलोशिप मिळाली तर ती खोली दोन वर्षं टिकेल, नाहीतर उन्हाळ्यात सोडावी लागेल.

कपड्यांची कल्पना माझ्या थोरल्या जावेची, हे तुला ठाऊकच आहे. आत जाताना अंगावर होते ते कपडे बाहेर येताना कुणालाच नीट बसत नाहीत, हे तिला सुचलं. ती मशीन चालवते, मी तोंड चालवते. तिच्या तोंडी सदा आपण असतं. आपण करू, आपण बघू. नवी नवी सासरी आले आणि मला रडू आवरेना, तेव्हासुद्धा म्हणाली होती, चल, आपण रडून घेऊ. तिच्याशिवाय मला यातलं काही नको.

लोभ भरपूर असू दे, लाल शाई जरा कमी असू दे.

तुझी चिमणी


११ जानेवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

खर्डा परत पाठवते आहे. शाई बघून घाबरू नकोस. फेलोशिप एकाच व्यक्तीला मिळते असं त्यांनीच पत्रकात ठळक छापलंय आणि तुझं आपलं पहिल्या ओळीपासून आम्ही, आम्ही! वाचणाऱ्याला वाटेल, मोर्चाच आलाय. सगळे आम्ही खोडून मी केले. जाऊबाई कपडे शिवतात, याचं मी कपडे शिवून घेते असं केलंय. खोटं त्यात काही नाही, नुसतं क्रियापद बदललंय. तरी त्यांना एकदा वाचून दाखव, म्हणजे मनात किंतु नको.

तुझे भाऊजी विचारतात, फेलोशिपवाल्या झाल्यावर आम्हाला ओळख दाखवाल ना? खोकल्याचं औषध वेळेवर घे.

माया आहेच, ती कुठल्याही शाईने खोडली जायची नाही.

ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

थोरलीला मी विचारलं होतं. ती हसून म्हणाली, तुझं नाव काय नि माझं काय, आपलंच आहे. वाचून दाखवायचं मात्र मी टाळलं.

काल निवड समितीच्या एक बाई खोली बघायला आल्या. थोरली मशीनवर बाही जोडत होती. बाईंनी हातातला अर्ज चाळला आणि अगदी आदराने तिला विचारलं, एका जोडाची शिलाई किती घेता? ताई, मी तिथेच उभी होते. एरवी तोंड चालवणारी मी, पण माझ्या तोंडून अक्षर फुटलं नाही. थोरलीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग बाईंना म्हणाली, ठरलेलं असं काही नाही, ह्या देतील ते.

ह्या! जन्मात कधी ती मला ह्या म्हणाली नव्हती. बाई गेल्यावर तिने बाही पुरी केली, दोरा तोडला, मशीनवर झाकण घातलं आणि घरी निघून गेली. मी काय करू ते लिही, लवकर लिही.

तुझी चिमणी


१० मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. शाई माझी होती, तेव्हा निम्मा दोष माझ्या पदरात टाक. समितीला खरं काय ते लिहून कळव. पण त्याआधी जाऊबाईंकडे जा. भांड, रड, पाय धर, पण जा. मोठ्या मनाची बाई आहे, रागावली तरी तुला टाकायची नाही.

काळजी करू नकोस म्हणवत नाही, मीच करते आहे.

ताई


२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फेलोशिप मिळाली. समितीला थोरलीचं नाव कळवलं होतं. त्यांनी लिहिलंय की भावना पोचल्या, पण नियमाप्रमाणे व्यक्ती एकच.

थोरलीकडे अनेकदा गेले. ती दार उघडते, बसा म्हणते, पाणी आणून देते. रागावली असती तर भांडले असते गं. माफी मागितली तर म्हणाली, माफी कशाची, अर्जात चुकीचं काय होतं? ती माझ्याशी फार चांगली वागते आणि तेच मला सोसत नाही.

उद्या दोघीजणी सुटायच्या आहेत. आज सकाळी खोली उघडली, तर मशीनवर दोन नवे जोड नीट घडी करून ठेवलेले आणि वर दुमडलेली चिठ्ठी. तिचं अक्षर मोठं, ओळीत फार शब्द मावत नाहीत. वरच्या ओळीत होतं, जोड तयार आहेत. त्याखाली एकच शब्द, आपण.

ताई, मी मशीनला धरून रडले, आनंदाने रडले. आली परत, म्हटलं. मग चिठ्ठीची घडी पुरती उलगडली. खाली लिहिलं होतं, न्यावेत. कळावे.

उद्या तुरुंगाच्या दारात मी जाईन. अर्जात लिहिलंय तशी, मी.

लोभ असू दे, आणि तू तरी मला अगं म्हणत जा.

तुझी चिमणी