उष्टी बाटली

३ जून
मेडशीच्या जिवाणू खत प्रयोगशाळेत आज रुजू झालो. खोली हवेशीर आहे, खिडकीतून एसटीचा थांबा दिसतो. प्रमुख शाजिया मॅडमनी काम समजावलं. मूळ बाटलीतला थेंब ताज्या गूळपाण्यात सोडायचा, बाटली हलत्या यंत्रावर ठेवायची आणि रोज गढूळपणा मोजायचा. जितकं गढूळ, तितके जिवाणू. विरजणासारखंच हे. सोयाबीनच्या बियाण्याला चोळलं की मुळांवर गाठी धरतात. आजवर सभांमधून जे विज्ञान सांगत आलो, ते आता माझ्या हातात आहे.

८ जून
किन्हीराजा गावात शेतकऱ्यांपुढे या खतावर तासभर बोललो. शेवटी पुंजाजी नावाचे म्हातारे शेतकरी उठले. "एवढं चांगलं हाय त पेऊन दाखवा ना साहेब, मंग आमी पेरतो." लोक हसले. तांब्यातून पितात तसा, दाखवायला नेलेल्या मूळ बाटलीतून वरून घोट घ्यायला गेलो, पण बाटली ओठाला लागलीच. मग पुंजाजीही तोंड लावून प्यायले. सगळ्यांनी खताच्या पाकिटांसाठी नावं दिली. बाटलीतलं उरलेलं उष्टं फेकायला हवं होतं. पेरणी तोंडावर आली आहे, म्हणून परत वाढीला लावलं.

१० जून
आवाज बसलाय. मॅडम म्हणाल्या, भाषणं आवरा. गढूळपणा इतका वाढलाय की मोजणीच्या यंत्राला मोजता येईना. वास गुळाचा येत नाही. पारोशा तोंडाचा येतो.

११ जून
पुंजाजींच्या सुनेचा फोन आला. सासरे तोंड उघडतात, आवाज निघत नाही. फोन ठेवला, तोच यंत्रावरची बाटली म्हणाली, पेऊन दाखवा ना. म्हाताऱ्याच्या आवाजात.

१२ जून
माझाही आवाज गेला. बाटली माझं भाषण म्हणतेय. टाळ्यांसाठी मी जिथे थांबलो, तिथे थांबतेय.
बाटलीतलं थोडंसं उकळून पाहिलं. घशात आग — खाली कोसळलो. तरी उद्या सगळी उकळायची. ही पाकिटं गावात गेली तर —

१३ जून
मॅडम माझ्याआधी आल्या. पाकिटं भरायच्या खोलीत आहेत, बाटलीही आत नेलीय, कडी आतून. काचेतून त्यांची पाठ दिसते.
बाटली माझ्या आवाजात सांगतेय, सगळी पाकिटं आजच भरा. मी दाराबाहेरून बोलतोय असं वाटतंय त्यांना. हो म्हणाल्या.
दार बडवतोय. बाटली म्हणाली, कुणी आलंय वाटतं, मी बघतो.
मास्क खाली ओढला त्यांनी. बाटलीतल्या पाण्याने ओल्या झालेल्या हाताने ओठ पुसले —
शाजिया मॅडम, तो मी नाही. उकळा. मी मेलो तरी उक—
वळल्या. ओठ हलताहेत. त्यांचा आवाज बाटलीतून —