अर्धी राहिलेली ओळ

मी, खाली सही करणारा, धंद्याने पाथरवट, थडग्यांच्या दगडांवर अक्षरे कोरण्यात जन्म घालवलेला आणि लोकांत 'धाकटा' या नावाने ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूसच नाही. किती दिवस उरले ते डॉक्टरबाईंनी सांगितले नाही, पण मागच्या खेपेला त्यांनी सगळे पथ्य काढून टाकले, त्यावरून काय ते मी समजलो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागचे अंगण, शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना द्यावे. त्यांना नवल वाटेल. आमचे बोलणे "पाणी आलं का?" आणि "आलं" याच्यापुढे कधी गेले नाही. पण बायको गेल्यापासून भिंतीपलीकडून येणारा त्यांच्या मशीनचा आवाज हीच मला सोबत होती. त्या आजारी होत्या तेव्हा मशीन बंद होते आणि मला घास गिळवत नसे. तरी विचारपूस करायला जायचा धीर झाला नाही. मधली भिंत त्यांनी खुशाल पाडावी. बँकेत जे काही आहे त्यातून माझ्या मातीचा खर्च भागवून उरेल ते त्यांनाच द्यावे.

कलम २. आरामखुर्ची आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकसाहेबांना द्यावी. कारण सांगणे भाग आहे.

माझी बायको लग्न करून आमच्यात आली. उपासनेला माझ्याबरोबर यायची, मेणबत्त्यांचे ओघळ खरवडायची, गाणी माझ्यापेक्षा सुरात म्हणायची. बाप्तिस्मा मात्र तिने घेतला नाही. ती अंथरुणाला खिळली तेव्हा पाळकसाहेब आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, अजून वेळ गेलेली नाही. एवढं एक वाक्य माझ्यामागून म्हणा, तुमचं तारण होईल."

ती म्हणाली, "माझी आई ते वाक्य न म्हणता गेली. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ती आगीत आहे. मग मी वर बसून गाणी कशी म्हणू हो?"

पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिले आणि ते गेले. यापुढे मरणाऱ्या माणसाला असले काही विचारायचे असेल तर त्यांनी आधी बसावे. म्हणून खुर्ची.

कलम ३. अंगणातला दगड. आमच्या मंडळीची रीत अशी की तारण झालेल्याच्या दगडावर 'प्रभूमध्ये विसावला' किंवा 'विसावली' ही ओळ येते. ज्याची खात्री नाही त्याला नुसते नाव. खात्री मंडळीचे पंच करतात आणि तसा निरोप आमच्या दुकानात धाडतात. पण निरोपाची वाट कोण पाहतो? आमच्या बाबांची शिकवण होती की ओळ आधी कोरायची आणि नाव मागून. नावात घरचे लोक दहा वेळा बदल सांगतात, ओळ कधी बदलत नाही.

बायकोचा दगड घेतला तेव्हा हात सवयीने ओळीवरच गेला. 'प्रभूमध्ये' एवढा शब्द झाला आणि पंचांचा नकार आला. शब्द घासून काढा, म्हणाले. गावच्या लाकूडवाल्याने दोन बायकांना मारझोड करून घालवले आणि शेवटच्या घटकेला नुसते ओठ हलवले, त्याची ओळ मीच कोरली आहे, तीही सुबक. मी शब्द घासला नाही. दगड अंगणात पडून राहिला, आणि ती दफनभूमीच्या मागच्या भिंतीलगत बिनदगडाची राहिली. त्यानंतर मी उपासनेला गेलो नाही. मंडळीतले लोक रस्त्यात दिसले की मान हलवतात. दाराची कडी कोणी वाजवत नाही, दादा सोडून.

कलम ४. दादाविषयी. माझा थोरला भाऊ, दुकानातला माझा भागीदार आणि मंडळीचा पंच. दर रविवारी उपासना आटोपून तो इथे येतो, चहा घेतो आणि मला नरकातून वाचवायला बसतो. डोळ्यांत पाणी आणून बोलतो. ढोंग नाही, त्याला खरोखरच मी जळताना दिसतो. मलाही मग वाईट वाटते, आणि मी त्याला आणखी अर्धा कप ओततो.

लहानपणी दादाच्या हातून हातोडा पडून एका तयार दगडाचा कोपरा उडाला होता. तो इतका घाबरला की मी म्हणालो, "माझ्याकडून झालं." बाबांनी दारातून सगळे पाहिले होते. तरी त्यांनी मलाच बदडले, आणि म्हणाले, "कुणीतरी भोगलं ना? मग विषय मिटला."

मला माराचे काही नाही. पण सगळे ठाऊक असून बाबांचे समाधान झाले, हे मला अजून पचलेले नाही. देवाविषयी आम्हाला तेच शिकवतात. अपराध एकाचा, मार दुसऱ्याला, आणि बाप शांत. असा बाप मी पाहिला आहे. माझा त्याच्यावर जीव होता, पण त्या दिवशी तो चुकला होता.

दादाला हे सांगितले तर तो म्हणतो, "अरे, मला ख्रिस्त कळला तो त्याच दिवशी. माझ्या जागी तू उभा राहिलास."

"मी राहिलो ते ठीक आहे, दादा. पण बाबांनी मारायला नको होतं."

यावर तो कप पुढे करतो. या वादात आम्ही दोघे म्हातारे झालो. एकदा मी विचारले, "नरक नाहीच असं उद्या ठरलं, तर तू रविवारी येशील का रे?" तो म्हणाला, "वेडा आहेस का?" आणि हो की नाही ते सांगितलेच नाही. तो गेल्यावर मी बराच वेळ त्याचा कप विसळला नाही.

कलम ५. मला मागच्या भिंतीलगत, बायकोशेजारी पुरावे. अंगणातला दगड आमच्या दोघांवर बसवावा आणि दोघांची नावे कोरावीत. कोरला गेलेला शब्द तसाच राहू द्यावा. शेवटी मला पश्चात्ताप झाला असे कोणी मातीच्या वेळी सांगू नये. मला स्वर्ग मिळाला आणि ती तिथे नसली, तर तिथे मी करू काय? तिच्याशिवाय राहणे कसे असते ते मी इथेच पाहिले आहे.

कलम ६. हत्यारे दुकानातल्या कारागिरांनी वाटून घ्यावीत. दादाला मी काहीही ठेवत नाही, फुटकी कपबशीसुद्धा नाही. लोक म्हणतील, धाकट्याने जाता जाता उट्टे काढले. म्हणू देत. वकीलसाहेबांनी सांगितले आहे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्ष घालू नये. मला दादाची साक्ष हवी आहे. पंचांच्या नकाराखाली पाच सह्या होत्या, त्यांतली चौथी ओळखायला मला चष्मा लागला नाही. तशीच एक सही त्याने इथे करावी. दगड त्याच्याशिवाय कोण बसवणार? यासाठी पंच त्याला पंचांतून काढतील, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्याने आधी सगळे वाचावे. पटले नाही तर सही न करता उठावे, पण चहा घेऊन जावे. आधण ठेवले आहे.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहिले आहे.

ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : आजचा रविवार, उपासना सुटल्यानंतर

सही : धाकटा

साक्षीदार
१. डॉक्टरबाई. समक्ष सही केली. रोग्याची बुद्धी शाबूत आहे, जीभही.
२. थोरला भाऊ. सगळे वाचले. दगड मी बसवीन, पंचांना विचारणार नाही. प्रार्थना मात्र सोडणार नाही, तू कितीही चिड. आणि धाकट्या, नरक नसता तरी मी आलो असतो.