सहा डबे, एक बरणी

१० जानेवारी
यांचं वर्षश्राद्ध होऊन आठवडा झाला. वर्ष उलटलं, आता घर उजळून घेऊ, म्हणून संजयनं पुढची खोली रंगवून घेतली. आज रंगारी गेले. यांच्या खुर्चीमागं भिंतीवर पायपाच्या धुराचा पिवळा डाग होता, तोही गेला. सविता म्हणाली, "आई, बघा किती उजेड आला." आला खरा.
खोलीत नुसता रंगाचा वास. यांचा वास नाही. वर्षभर होता. दुपारी पोरगा-सून कामावर गेले की मी पुस्तक घेऊन त्या खुर्चीसमोर बसायची. वाचायला नाही. हे कुणाला ठाऊकच नव्हतं, मग रागावू कुणावर.

१२ जाने.
यांची जमीनमोजणीच्या नोकरीतली पेटी उघडली. साखळी, नकाशे, आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेले सहा डबे. सगळे सीलबंद. बाळूनं दिलेले. यांचा भाचा तो, जहाजावर नोकरीला, दर सुट्टीत मामांसाठी पायपाच्या तंबाखूचा एक डबा आणायचा. हे एखादा फोडायचे, बाकीचे ठेवून द्यायचे. घाई कशाला, डबा काय पळून जातोय का, म्हणायचे. गेलं कोण, राहिलं कोण.
यांतल्याच एखाद्यात तो वास असणार.
डब्यांवरची इंग्रजी अक्षरं एकेक करून लावली. अक्षरं येतात, यांनीच शिकवली. शब्द लागेनात. चित्रांवरून नावं ठेवली : निळा, लाल, जहाज, हरीण, दाढीवाला, पक्षी.

१६ जाने.
निळा उघडला. सुरी घातली, झाकण हलेना. मग आठवलं, हे कडेत नाणं घालून पिळायचे. रुपया घातला. डब्यानं फुस्स करून श्वास सोडला आणि मी दचकले.
आत काळपट, ओलसर पानाच्या कातरणी. काळ्या मनुक्यांसारखा वास. यांचा नाही. पण पेटवल्यावर वास बदलत असेल. आंब्याची कोय कुठं आंब्यासारखी लागते.
पेटवणार कोण. मला पायप ओढता येत नाही आणि मी ओढणारही नाही. डॉक्टरांनी यांना सोडायला सांगितलं होतं. मीही रोज कटकट करायची. आता मीच नाणं घेऊन डबे पिळत बसलेय.

१९ जाने.
रशीदभाईंना निरोप धाडला होता. स्टँडजवळ त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. यांचे तीस वर्षांचे सोबती. दोघं संध्याकाळी समोरासमोर बसून धूर काढायचे, तासात चार वाक्यं बोलायचे.
यांचा पायप पुढं केला तर त्यांनी हात लावला नाही. खिशातनं स्वतःचा काढला. आतही आले नाहीत. "हितं ओट्यावरच बसतो, वैनी." मी उंबऱ्याच्या आत, पाटावर. वारं घराकडं होतं.
गोड धूर. यांचा नाही.
कसा आहे म्हणून विचारलं. "झ्याक हाय," एवढंच. का बोलावलं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. नवऱ्याचा वास शोधतेय हे परपुरुषाला कसं सांगायचं.

२ फेब्रु.
लाल. झाकण निघालं आणि मला हुरड्याची आगटी आठवली. शेणी, कडबा, जळकी कणसं. यांच्या अंगाला असं कधी यायचं नाही... यायचं का? थोडंसं? कपड्यांना?
रशीदभाईंनी दोन झुरके घेतले आणि पायप विझवला. हा नुसता ओढायचा नसतो म्हणाले, भाजीत मीठ तेवढाच.
समोरच्या शेवंताबाईंनी आवाज दिला, "काय वो संजयच्या आई, हाटेल काढलं का काय ओट्यावर?" रशीदभाई उठायलाच लागले. मी म्हटलं, बसा. आणि तिला म्हटलं, चहा प्यायला ये. आली की. दोन कप प्याली.

९ फेब्रु.
संजय म्हणाला, आई, बाबा त्याच्यानंच गेले आणि तू तेच घरात दरवळत ठेवतेस. खोटं नाही बोलला. पोरगा यांच्यासारखाच, जेवताना बोलतो आणि ताटात बघतो.

४ मार्च
जहाजाचा डबा परवा उघडला. रशीदभाई धाराशिवला गेलेले, म्हणून थांबले. हात लावून बघितलं तर तंबाखू ओली, चिकट. डबा किती वर्षांचा कोण जाणे, बुरशी धरली तर? गच्चीवर कुरडया घातल्याच होत्या. त्यांच्या शेजारी जुन्या धोतरावर तंबाखू पसरली. निळा आणि लालही आणला, ओल तर सगळ्यांतच होती. दोन दिवस कडक ऊन दिलं. चांगली खणखणीत वाळली.

६ मार्च
रशीदभाई आले. डब्यात बोटं घातली, बोटांत भुगा. किती तरी वेळ बोटांकडं बघत राहिले.
"वैनी, ह्येला ऊन दावलं व्हय?"
दोन दिवस, म्हटलं.
"तुमी तर तंबाखूच्या खारोड्या केल्याव."
हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. मलाही हसू आलं. वर्षात पहिल्यांदा एवढं.
ही ओलच जपायची असते म्हणे. हे डब्यात फुटक्या माठाची खापरी टाकायचे, पाण्यात भिजवून, कोरडी पुसून. म्हणजे माझ्या खापऱ्या यांनी नेल्या. तुळशीच्या कुंडीत घालायला ठेवायची आणि कमी व्हायच्या. मी मांजरीला बोलायची.
तिन्ही डब्यांत खापऱ्या घातल्या. उभारी धरेल थोडी, म्हणाले. पहिल्यासारखी न्हाय.
तीन गेले. राहिले तीन.

२२ मार्च
हरीण. कस्टर्डच्या पावडरीचा वास. धूर तसाच, बाळाच्या पहिल्या वाढदिवसासारखा. सविता आतून म्हणाली, हा छान आहे. छान असून काय करू.

५ एप्रिल
दाढीवाला. कडब्याच्या गंजीत दुपारी डोकं घातलं तर जसा येईल तसा वास. खाली जरा गूळ. हा जवळ आला. इतका जवळ की मी पाटावरून उठून उंबऱ्यापर्यंत गेले. रशीदभाई बघत होते. दुसऱ्या झुरक्याला दूर गेला.
मी आत येऊन बसले. मग बोलले. बोलायचं नव्हतं. म्हटलं, रशीदभाई, मला तंबाखू नको, या खोलीत यांचा वास होता तो हवाय, भिंत रंगवली आणि गेला, आता एकच डबा राहिलाय, त्यातही नसला तर...
त्यांनी पायप खाली ठेवला.
"आधी सांगायचं न्हाय का वो. त्यो डब्यात कुठनं घावंल? त्यो बरणीतला हाय."
कसली बरणी?
"मोजणीदार एक डबा कधी ओढतच नव्हते. समद्या डब्यांचं तळाचं बरणीत घालायचे. खिचडी म्हनायचे. लालमधलं चिमूटभर, बाकी ज्ये आसंल त्ये. आन् बरणी कधी रिकामी होऊ द्यायचे न्हाईत. मूठभर मागं ठेवायचे, त्याच्यावर नवी घालायची. विरजणावाणी. तीस वरसं चाललं की. कुठाय बरणी?"
मी उठून आत गेले.
बरणी फळीवर. लिंबाच्या लोणच्याची. यांनी माझी लोणच्याची बरणी उचलली म्हणून एकदा केवढी भांडले होते. तेराव्यानंतर घर आवरलं तेव्हा तळाशी काळा गाळ दिसला. उकिरड्यावर झटकला. राखेनं तीनदा घासली, वास जाईना म्हणून. मग पौषात लिंबं घातली.
कुणी नाही. मीच.

६ एप्रिल
जेवले नाही. सवितानं पानात लोणचं वाढलं तशी उठले. ती घाबरली, बिचारीला काय माहीत. संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. ऐकून माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि बसूनच राहिली. मग म्हणाली, "आई, रंगाचं मीच म्हटलं होतं यांना."
म्हटलं, भिंत तुझी, बरणी माझी. फिटलं.

१४ एप्रिल
रशीदभाई न बोलावता आले. हातात पानाची पितळी डबी. रशीदभाई कधी तरी बाहेरगावी जाताना यांनीच बरणीतली तंबाखू त्यांना भरून दिलेली. संपवायची राहिली. मग हे गेले आणि ओढवली नाही.
उघडली. चिमूटभर. कोरडीठाक, जवळजवळ माती. नाकाशी नेली. काही नाही. फक्त पितळेचा वास.
म्हटलं, मेली ही.
"विरजण सुकलं तरी लागतंय, वैनी. माजी आम्मी दह्याच्या वाळलेल्या कवडीचं लावायची."
लागतं का, मला खात्री नाही. त्यांनाही नसावी. पण पितळी डबी त्यांनी माझ्या हातात ठेवली, आणि ठेवताना हात जरा थांबला. त्यांच्याकडंही तेवढीच उरली होती.

१८ एप्रिल
बाजारातनं नवी बरणी आणली. लोणच्याची चालणार नाही, हिंग मेला तरी बोलतो.
रशीदभाई ओट्यावर बसून सांगत होते, मी आत घालत होते. दाढीवाला अर्धा. निळा. जहाज, माझ्या उन्हानं मेलेले तेही ("ऱ्हाऊ द्या, तुमचा हातबी लागू द्या"). हरीण थोडं. लाल चिमटीनं. मधे पितळी डबीतलं, सगळं. वर खापरी. झाकणावर फडकं बांधलं.
पक्ष्याचा डबा उघडू का विचारलं. नको म्हणाले. हेही हातात एक डबा बंद असल्याशिवाय दुसरा फोडायचे नाहीत. मला हे ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांचा संसार, आणि माणूस दुसऱ्याकडून कळतो.

२ मे
रशीदभाई उद्या सोलापूरला लेकीकडं चाललेत, डोळ्यांच्या ऑपरेशनला. दुकान बंद. लेक म्हणते, आता तिकडंच राहा. काय ठरवलंय ते बोलले नाहीत.
बरणी कधी उघडायची विचारलं. दोन महिने तरी नाव घेऊ नका म्हणाले. "मी आल्यावर पेटवू. आठ दिवसाला खापरी तेवढी भिजवा. हातानं वरखाली करा, चमच्यानं न्हाय."
या मग, म्हटलं.
"येतो की."

१० मे
खापरी भिजवली. नवऱ्या मुलाला बघितल्यासारखं झाकण उघडलं आणि पटकन लावलं. वास घेतला नाही.

१७ मे
खापरी. संजयनं विचारलं, काय करतेस. विरजण लावलंय, म्हटलं. त्यानं बरणीकडं बघितलं. मग पंखा बंद केला, वारं लागू नये म्हणून. दह्याला करतात तसं.

२४ मे
रशीदभाईंचा फोन. एका डोळ्याचं झालं. नातवंडं गोंगाट करतात म्हणाले. कधी येणार ते मी विचारलं नाही. बरणी कशी आहे ते त्यांनी विचारलं नाही.

३१ मे
खापरी भिजवून, पुसून ठेवली. आज तंबाखू मऊ लागली, बोटांना धरणारी. तळापासून वरखाली केली, मनगटापर्यंत हात आत. झाकण लावलं. फडकं बांधलं.
चुलीवर तवा तापलेला. परातीत पीठ घेतलं आणि हात धुवायला मोरीशी गेले. तांब्या उचलला. हात नाकाजवळ आला होता. मुद्दाम नाही, घाम पुसायला.
तांब्या खाली ठेवला.
सविताला हाक मारली, आजच्या भाकरी तू थाप. का हो आई, बरं नाही का, म्हणाली.
म्हटलं, बरंय. आज हात धुवायचा नाहीये.