वहिनीची तयारी

रविवार, २६ मे

प्रिय दादा,

नमस्कार. मी नीट पोहोचले. वहिनी बरी आहे, घराचं छप्पर शाबूत आहे, कुत्र्याने मला ओळखलं नाही. तुझा निरोप सांगायला आठवडा पुरेल असं मी म्हणाले होते. आठवडा झाला. पण आधी इथलं सांगते.

यंदा दोन अंदाज आहेत. एक म्हणतो पाऊस ओढ देईल, दुसरा म्हणतो झोडपेल. वहिनीने दोन्ही खरे धरलेत. वरच्या शेतात पाणी अडवायला बांध घातले, खालच्या शेतातून पाणी काढून द्यायला चर खणले. वर लवकर येणारं वाण, खाली उशिराचं. थोडं बियाणं दुबार पेरणीसाठी डब्यांत राखून ठेवलंय.

मी म्हटलं, "वहिनी, हंगाम सरळ गेला तर? निम्मी मेहनत वाया."

"जाऊ दे की. वाया जावी म्हणूनच तर करायची."

उगवण बघायला तिने दोन पोत्यांतले दाणे एकाच ओल्या गोणपाटात शेजारी शेजारी गुंडाळले होते. एका पोत्यातले निम्मे उगवलेच नाहीत. दुकानदार म्हणाला, "बाई, पाणी कमी पडलं असेल." तिने त्याच्या टेबलावर गोणपाट उलगडलं. "मग ह्या शेजारच्यांना काय मी चोरून पाजलं?" पोतं बदलून मिळालं.

तिला सगळं येतं असं नाही. पेरणी यंत्र ती अंदाजाने लावायची. गेल्या वर्षी पेरा फार दाट झाला. यंदा ते काम मी घेतलं. चाक उचलून फिरवलं, प्रत्येक नळीतून पडलेलं बी वेगळं तोललं, झिजलेला भाग बदलला. ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"इंजिनीअरबाई, तुझ्या भावाने तुला कशाला पाठवलंय ते कळतं मला. आधी यंत्र लावून दे, मग भांडू."

यंत्र लागलं. भांडण राहिलं.

तर, तुझा निरोप. जमीन शेजाऱ्याला कसायला द्यायची, वहिनीने शहरात तुझ्याबरोबर संसार करायला यायचं, आणि हे तिला मी पटवायचं, कारण माझं ती ऐकते. मी एकदाच विषय काढला. ती बी चाळत होती. हात थांबला नाही.

"इथे हरले असते तर आले असते गं. हरलेय का, तूच सांग. तुला मोजता येतं."

मी पुन्हा सगळं शेत फिरून पाहिलं. हरलेली नाही. इतकी नीट केलेली तयारी मी आमच्या कारखान्यातही पाहिलेली नाही, आणि हे मी सहज लिहीत नाही, हे तुला माहीत आहे.

जमीन जाणत्या हातात द्यावी, असं तुझं म्हणणं होतं. मला पटतं. ती दिलेलीच आहे.

शेजारी उत्तरासाठी थांबला होता. काल त्याला 'नाही' सांगून आले. तुला न विचारता. वहिनीलाही न विचारता.

रागावशील. इथे येऊन रागाव. पेरताना ती ट्रॅक्टरवर असते; मागे एखादी नळी तुंबली तर तिला कळत नाही. यंत्रामागून कुणाला तरी चालावं लागतं. त्यासाठी मी रजा वाढवली आहे. तू आलास तर ती जागा तुझी.

तोवर, तुझी बहीण म्हणून नव्हे,

वहिनीची नणंद