कावेरीच्या पोटातल्या बाळाचे घर

मी, डॉ. सत्यशीला सिताराम वाव्हळे, वय ५५, व्यवसाय संशोधन, राहणार जिंतूर रोड, परभणी, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही धाकात न येता ही माझी अखेरची इच्छा लिहून ठेवते. धाक घालायला माझी भावजय सरजाबाई रोज येते, पण चहा पिऊन परत जाते.

माझे जन्मनाव दगडाबाई. घरात मुली होणे थांबावे म्हणून वडीलधाऱ्यांनी ते ठेवले. माझ्या पाठीवर भाऊ आश्रुबा झाला, तेव्हा नाव लागू पडले असे सर्वांनी ठरवून टाकले. छप्पन साली दीक्षा घेतली, त्या वेळी सत्यशीला हे नाव मी स्वतः निवडले.

येत्या महिन्यात मुंबईला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. परत येण्याचा माझा पक्का विचार आहे. परंतु हृदयाला विचारलेले नाही, म्हणून पुढील व्यवस्था.

१) पिठात होणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्यांच्या सर्व बरण्या शेतकी कॉलेजच्या प्रयोगशाळेला द्याव्यात. त्यांना ज्वारीचे पीठच घालावे, गव्हाच्या पिठाने ते शेफारतात. काळ्या भुंगेऱ्यांची एक बरणी मात्र माझे जुने सहकारी व्यंकटराव यांना द्यावी. "बाई, हे किडे आमच्या घरी फुकट होतात की! त्यावर कशाला पदवी?" असे ते भर सभेत म्हणाले होते. माझ्या आनुवंशिकतेच्या गणिताप्रमाणे तांबड्या जोडप्याच्या पोटी पहिला काळा भुंगेरा निघाला त्या दिवशी मी प्रयोगशाळेचे दार लावून एकटीच नाचले होते. एवढा आनंद लग्न करून झाला असता असे मला वाटत नाही. व्यंकटरावांनी बरणी स्वयंपाकघरात उघडल्यास माझा आत्मा सुखावेल, असे लिहिणार होते. पण आम्ही बौद्ध, आत्मा मानत नाही. तरी त्यांनी उघडावी.

२) सूक्ष्मदर्शक आणि पोस्टातील सर्व बचत माझा भाचा, म्हणजे आश्रुबाचा मुलगा, उद्धव याची बायको कावेरी हिला. ती प्राथमिक शाळेत शिकवते, पुढे शिकण्याची तिची इच्छा आहे. पैसे त्यासाठीच वापरावेत, नवऱ्याच्या फटफटीसाठी नव्हे.

३) राहते घर, अंगणातील लिंबाच्या झाडासह, कावेरीच्या पोटात आज जे बाळ आहे त्याला. न जन्मलेल्या बाळाच्या नावे असे देता येते, हे वकील बन्सीधर सोमाणी यांच्याकडून खात्री करून घेतले आहे.

याचे कारण लिहिणे भाग आहे. कावेरीचे पहिले लेकरू जन्मतःच आजारी होते, ते गेले. म्हणून या वेळी मी तिला मुंबईच्या इस्पितळात नेले. गर्भाच्या पाण्यातल्या पेशी पाहून बाळाची प्रकृती ओळखण्याची विद्या मी तिथेच शिकले होते. पेशी मी स्वतः पाहिल्या. बाळ ठणठणीत आहे. माझ्या सबंध नोकरीत याहून गोड वाक्य मी कोणाला सांगितलेले नाही. कावेरी माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडले.

त्या तपासणीत मुलगा की मुलगी हेही दिसते. ते मी सांगितले नाही आणि सांगणार नाही. आश्रुबा रोज म्हणतो, "आक्का, तुला समदं दिसलंय अन् सख्ख्या भावाला सांगंना झालीस व्हय?" त्याने बोलून दाखवले आहे, "नातू झाला तर घर त्याचं. पोरगी झाली तर भाड्यानं देऊ, तिला काय करायचंय घर?"

डोहाळजेवणात पेढा की बर्फी ओळखायला झाकलेल्या दोन वाट्या मांडल्या. आश्रुबाने दोन्हींत पेढेच ठेवायला लावले होते. मला शंका आली, मी दोन्ही उघडल्या आणि दोन्ही पेढे खाऊन टाकले. ते पाहून आश्रुबाने गल्लीत "पोरगाच हाय" असे सांगितले. दुसऱ्या दिवशी मी बर्फी खाल्ली, तर त्याला जेवण गेले नाही. सबब खुलासा करते की मला दोन्ही आवडतात.

आणखी एक. मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरते, भुंगेऱ्यांत आणि वाव्हळ्यांतही. आमच्या आईने जन्मभर उगाच बोलणी खाल्ली. सरजाबाईने हे पाठ करून ठेवावे.

४) घर बाळ सज्ञान होईपर्यंत कावेरीने सांभाळावे. कोणीही विकू अथवा भाड्याने देऊ नये.

५) या कागदावर एक साक्ष आश्रुबाचीच हवी. तो हट्टी आहे, पण सही करून फिरणारा माणूस नव्हे. मात्र सही करताना त्याने मुलगा की मुलगी हे विचारू नये. विचारल्यास वकिलांनी त्याच्या हातातून पेन काढून घ्यावे व मला दुसरा भाऊ शोधून द्यावा.

हे सर्व मी स्वहस्ते लिहिले, परत वाचले, आणि वाचताना दोनदा हसले.

परभणी, दि. ११ फेब्रुवारी १९७८

सही: सत्यशीला सिताराम वाव्हळे

साक्षीदार:

बन्सीधर सोमाणी, वकील. (आश्रुबा वाव्हळे यांनी पेन हातात धरून बराच वेळ घेतला. पेन काढून घ्यावे लागले नाही.)

आश्रुबा सिताराम वाव्हळे. वाचून सही केली. काई इचारलं न्हाई. घर लेकराचं हाय, जे व्हईल त्याचं. आक्का, लवकर ये.