निवेदनाच्या आधीचा कागद

६ जानेवारी, सोमवार
तिसऱ्या वर्षाचा तास. बाहेरच्या एका बड्या सरकारने आपल्याकडच्या कोठडीतल्या मारहाणीवर अहवाल काढलाय. आपल्या सरकारचं उत्तर लगेच: आधी स्वतःच्या घरात बघा. वर्ग जवळजवळ सगळा या उत्तराच्या बाजूने. 'त्यांच्या तुरुंगांत काय चालतं ते कोण लिहिणार, मॅडम?' चूक नाही. मित्राचं झाकायचं, शत्रूचं चव्हाट्यावर आणायचं, हे सगळीच सरकारं करतात. आपलंही. तसं सांगितलं.
मग प्रज्ञा उभी राहिली. कोपरीची, एरवी फार बोलत नाही. 'सांगणारा लबाड आहे म्हणून मार खोटा होतो का, मॅडम?'
बेल झाली. पुढच्या तासाला बोलू म्हटलं.

८ जाने., बुध.
करमरकर सरांचा फोन. आमच्या नागरिक मंचाचे अध्यक्ष. शेजारच्या देशात लेखकांना, विद्यार्थ्यांना आरोप न ठेवता डांबून ठेवलंय, आपल्या सरकारने त्याचा जाहीर निषेध करावा, असं निवेदन काढायचंय. मी लिहायचं, रविवारी १९ला वाचनालयाच्या सभागृहात मीच वाचायचं. हो म्हटलं. असं लिहायला मला आवडतं, नाकारण्यात अर्थ नाही. प्रज्ञा टाइप करून देणार.

९ जाने., गुरु.
मसुदा झाला. स्टाफरूममध्ये प्रज्ञाने टाइप करता करता मोठ्याने वाचला. 'कोणत्याही माणसाला आरोपाशिवाय, घरच्यांना न कळवता बंद खोलीत ठेवणे हा...' तिथे मी 'थांब' म्हटलं.
'काही चुकलंय का?'
'नाही. उद्या बघू.'
काय चुकलंय ते मला माहितीय. इथे कधी लिहिलं नव्हतं, आज लिहिते.
दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरच्या बाईंची सोन्याची चेन सापडेना. त्यांच्या घराची किल्ली वॉचमन भोईरकाकांकडे असायची. कमिटीच्या तिघांनी त्यांना पंपाच्या खोलीत कोंडलं. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत. एकाने दोन थोबाडीत दिल्या. मोबाइल काढून घेतलेला, घरी कळवता आलं नाही. तिघांतला एक अविनाश. माझा नवरा, सोसायटीचा सेक्रेटरी. मारलं त्याने नाही. बाहेरून कडी त्याने लावली.
मी गॅलरीत होते. सगळं बघितलं. आतून दार वाजत होतं. मी आत येऊन कुकर लावला.
आठवड्याने चेन बाईंच्याच जुन्या पर्समध्ये सापडली. तोवर काकांना काढून टाकलेलं. माफी कुणीच मागितली नाही. मीही नाही.

११ जाने., शनि.
सकाळी चहाच्या वेळी अविनाशला म्हटलं, मी भोईरकाकांना भेटायला जाणार आहे.
'कशाला? झालं गेलं.'
'आपल्यासाठी झालं गेलं.'
'आपण काय पोलिसांसारखं टांगलेलं का त्याला? आणि घरातलं घरात ठेवावं माणसाने.'
याचं जोडवाक्य सोमवारीच वर्गात ऐकलंय. आधी स्वतःच्या घरात बघा, आणि स्वतःच्या घरातलं घरात ठेवा. दोन्ही मिळून कुणी कुणाचंच बघायचं नाही.

१२ जाने., रवि.
लोकलने दिव्याला, भोईरकाकांकडे जाऊन आले. पत्ता वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीतून मिळवलेला. चाळीतली पहिली खोली, दारात पाण्याची पिंपं ओळीने. काकांच्या बायकोने दार उघडलं. ओळख सांगितल्यावर नुसतं 'आता आलाव?' एवढंच. तरी पाणी दिलं.
भोईरकाका इथल्या गावातलेच. पूर्वी कोलशेतला कंपनीत होते, ती बंद पडल्यावर वॉचमनकी. बारीक झालेत. मी पाठ केल्यासारखं बोलले. चूक झाली, मी बघत होते, माफ करा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
'बाई, माफी घेऊन मी काय करू? एजन्सीनं सगल्यांना सांगितलाय, भोईर चोर हाय. तीन ठिकानी गेलो, गेटवरूनच परत. चेन गावली ता कोनी सांगितला नाय.'
'मी काय करू, सांगा.'
'लिवून द्या. तुमी काय बघितलाव ता. खाली सही करा. मंग त्या कागदाचा काय करायचा ता मी ठरवीन.'
'त्यात माझ्या मिस्टरांचं नाव येईल, काका.'
'ता तर येनारच. कडी त्यांनीच लावली.'
आतून त्यांना ते कसं कळलं? अविनाशच्या आवाजावरून. 'आमच्या हिला सांगू नका,' असं कुणाला तरी म्हणाला म्हणे तो. ही म्हणजे मी.

१३ जाने., सोम.
प्रज्ञाला उत्तर दिलं, सगळ्या वर्गासमोर. मार खोटा होत नाही. पण सांगणारा स्वतःची झडती द्यायला तयार नसेल, तर मारणाऱ्याला आयती पळवाट मिळते. त्याला एवढंच म्हणायचं असतं, तू कोण सांगणार. आणि आत कोंडलेला तसाच राहतो.
'म्हणजे लबाडाने गप्प बसायचं?'
'नाही. आधी स्वतःचं सांगायचं, मग दुसऱ्याचं. गप्प बसणं सगळ्यात सोपं.'
तिने वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, आता मागे फिरता येणार नाही. बरं वाटलं.

१४ जाने.
संक्रांत. चौथ्या मजल्यावरच्या बाई तिळगूळ घेऊन आल्या. त्यांना सांगितलं, चेन पर्समध्ये सापडली हेही मी लिहिणार आहे. म्हणाल्या, 'मी कुठे म्हटलेलं त्याला कोंडा म्हणून?' तेही लिहीन म्हटलं. लाडू ठेवून गेल्या.
कागद तीनदा फाडला. 'मी असहाय होते' असं पहिल्यांदा लिहिलेलं. असहाय कुठली. दोन जिने उतरायचे होते.

१७ जाने., शुक्र.
कागद पूर्ण. एक पान. वेळ, जागा, कोण, काय. माझं गप्प बसणंही. सही केली. अविनाशला वाचायला दिला. वाचला नाही. दिव्याला जाऊन कागद काकांच्या हातात दिला. सभेत आधी हा वाचला तर चालेल का, विचारलं. त्यांनी मुलीकडून दोनदा वाचून घेतला, मग म्हणाले, 'वाचा. नाव पन घ्या. लपवायचा काम माजा नाय.'

१९ जाने., रवि.
सभा झाली. निवेदनाआधी माझा कागद वाचला. नावांसकट.
करमरकर सर हळूच, 'बाई, आजच हे कशाला? निवेदनाची धार जाईल.' मागून एक गृहस्थ उठले. 'मग दुसऱ्या देशाबद्दल बोलायचा तुम्हाला काय अधिकार?'
'काल होता त्यापेक्षा आज थोडा जास्त,' म्हटलं. 'आता निवेदन वाचते.'
बरेच जण उठून गेले. करमरकर सर बसले, सहीही केली, पण माझ्याकडे बघितलं नाही. प्रज्ञाने विद्यार्थ्यांच्या सह्या गोळा केल्या. निवेदन दिल्लीला गेलं तरी तिथे कोण वाचणार, माहीत नाही. त्या देशातल्या मुलांची दारं त्याने उघडणार नाहीत. तरी पाठवणार.
सोसायटीतलं कुणीतरी सभागृहात असावं. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली. अविनाश म्हणाला, 'मला गावासमोर उभं केलंस.' मी म्हटलं, मीही शेजारीच उभी आहे.

२२ जाने., बुध.
भोईरकाकांनी ठरवलं: पोलिसांत तक्रार. सोबत या म्हणाले, गेले. ठाण्यातल्या हवालदाराने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं.
'हे तुमचे मिस्टर ना?'
'हो.'
'घरी बोलून मिटवा की.'
काका म्हणाले, 'मिटलेलाच हुता साहेब. म्हनून तर आलो.'
अर्ज घेतला, प्रतीवर शिक्का दिला. पुढे काय होईल ते त्यालाही माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर काकांनी शिक्का नीट वाळला का बघून घडी घातली.

२४ जाने., शुक्र.
कॉलेजमधून आले तर अविनाश जेवणाच्या टेबलाशी, समोर त्या कागदाची प्रत. पहिल्यांदाच वाचला.
'एक चूक आहे यात.'
'कुठली?'
'मोबाइल त्या दोघांनी काढून घेतला असं लिहिलंयस. मी घेतला. त्याच्या बायकोचा फोन येत होता सारखा. मी बंद केला.'
मला हे माहीत नव्हतं. खुर्ची ओढून समोर बसले.
'तू लिही,' म्हटलं. 'तुझ्या हाताने.'
'सही केली तर काय होईल, कळतंय ना तुला?'
'नाही. मलाही कळत नाही.'
कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तारीख घातली. मग मान वर न करता विचारलं, 'भोईरचं पहिलं नाव काय?'
आठ वर्षं आमच्या गेटवर होते. मलाही सांगता आलं नाही.
दिव्याला, काकांना फोन लावलाय. रिंग वाजतेय.